मल्टिपॉइंट लॉक घ्यावं का? बडोद्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांपासून गोत्री आणि वाघोडिया रोडच्या नव्या फ्लॅटांपर्यंत दरवाज्यांचं काम करताना लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलंय. सगळं वाचलंच पाहिजे असं नाही, आपल्या दरवाज्यापुरतं बघा. पण सिलिंडरवाला, म्हणजे लॉकमधे चावी जाते त्या भागाचा प्रश्न सोडू नका, पैसे वाया जातात ते तिथेच.

मल्टिपॉइंट लॉक म्हंजे नक्की काय?

चावी एकच, पण दरवाजा चौकटीत एका जागी न अडकता वर, मधे आणि खाली अशा तीन किंवा जास्त जागी अडकतो, ते मल्टिपॉइंट. दरवाजा उघडून त्याची कड बघा, वरपासून खालपर्यंत स्टीलची एक लांब पट्टी दिसेल. मधे हँडलच्या मागे गिअरबॉक्स असतो, त्याला पट्टीमागून वर आणि खाली सळ्या जोडलेल्या असतात, गिअरबॉक्स फिरला की त्या सळ्या सरकतात आणि ठिकठिकाणचे हुक किंवा बोल्ट बाहेर पडतात.

यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकच्या दरवाज्यांत बहुतेक वेळा आधी हँडल वर उचलायचं, मग हुक बाहेर येतात, आणि मग चावी फिरवली की सगळं जाम होतं. स्टीलच्या रेडिमेड दरवाज्यांत चावी दोनदा फिरवूनच सगळे बोल्ट येतात, काहींत हँडल उचलायचं असतं. काहींत हुक असतात, काहींत गोल रोलर, काहींत वर आणि खाली सळी सरळ चौकटीत आणि उंबरठ्यात शिरते. हुक सगळ्यात चांगले, कारण पहारीने दरवाजा आणि चौकट यांच्यातली फट वाढवायला गेलं तर सरळ बोल्ट सटकू शकतो, हुक मात्र पलीकडे धरून ठेवतो. नुसते रोलर असतील तर ते दरवाजा घट्ट दाबून धरायला चांगले, पण सुरक्षेसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

आमच्याकडे तीन बोल्टवालं लॉक आहे, ते मल्टिपॉइंटच झालं ना?

नाही. ट्राय-बोल्ट म्हणून जे मिळतं त्यात तिन्ही बोल्ट एकाच डबीतून एकाच जागी बाहेर येतात. लॉक म्हणून ते वाईट अजिबात नाही, लाकडी दरवाज्यासाठी मी आजही बऱ्याच लोकांना तेच सांगतो, पण दरवाज्याचा वरचा आणि खालचा कोपरा मोकळाच राहतो. बोल्ट किती हे मोजू नका, ते एकमेकांपासून किती लांब आहेत ते बघा.

मग साध्या लॉकपेक्षा खरा फायदा काय?

धक्का वाटला जातो, एवढंच. स्टीलच्या डब्याला एकच कडी असेल तर दुसरी बाजू बोटाने उचलली जाते, दोन्हीकडे कड्या असल्या की नाही उचलत, तसंच हे. एकाच लॉकवर बंद असलेल्या दरवाज्याला खाली लाथ मारली की सगळा जोर त्या एका स्ट्रायकर पट्टीवर, म्हणजे चौकटीवरच्या बोल्ट शिरतो त्या पट्टीवर, आणि तिच्या दोन बारक्या स्क्रूंवर येतो, आणि बहुतेक वेळा लॉक शाबूत राहतं, चौकटीचं लाकूड फाटतं.

आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. वाड्याच्या दरवाज्याला आतून अडसर असायचा, भिंतीतल्या खोबणीतून ओढून पूर्ण दरवाज्याच्या आडवा लावायचा, जोर दोन्ही भिंतींवर. मल्टिपॉइंट तेच काम उभ्या दिशेने करतं, वर बाहेरूनही लावता येतं, जे अडसराला जमत नाही.

दुसरा फायदा कमी लोक सांगतात. दरवाजा पूर्ण उंचीभर रबराला दाबून बसतो, त्यामुळे पावसाची झड, धूळ आणि रस्त्याचा आवाज कमी होतो. रस्त्याकडेच्या बाल्कनीच्या दाराला लोक खरं तर याचसाठी मल्टिपॉइंट बसवतात.

सिलिंडर म्हंजे ते चावी जाते तेच ना? त्यात एवढं काय बघायचं?

यातच सगळं बघायचं. मल्टिपॉइंट लॉकच्या पाच हुकांवर लोक खूश असतात आणि त्या पाचही हुकांना उघडणारा सिलिंडर सगळ्यात स्वस्त घेतलेला असतो. हुक पाच असले तरी मेंदू एकच.

बहुतेक मल्टिपॉइंटमध्ये युरो प्रोफाइल सिलिंडर येतो, वर गोल आणि खाली लांबट शेपटी असलेला. आतलं तत्त्व पिन टंबलरचं, म्हणजे अमेरिकेत लायनस येल ज्युनिअरने १८६०च्या दशकात ज्याचं पेटंट घेतलं तेच, स्प्रिंगवरच्या छोट्या पिना चावीच्या दात्यांनी एका ओळीत आल्या की मधला भाग फिरतो. युरो सिलिंडरची कमजोरी वेगळ्याच जागी आहे. तो लॉकमध्ये एकाच आडव्या स्क्रूने धरलेला असतो, त्या स्क्रूचं भोक बरोबर मधे असतं, आणि तिथेच फिरणाऱ्या भागासाठी खाच कापलेली असते, म्हणजे मधोमध धातू अगदी थोडा उरतो. सिलिंडर प्लेटच्या बाहेर आलेला असेल तर तो पकडीत धरून तिथून मोडता येतो. इंग्लंडमध्ये घरफोड्यांत ही पद्धत इतकी वाढली की तिथे त्यासाठी वेगळी मानकं आली, टीएस ००७ ची स्टारवाली आणि एसएस ३१२ डायमंड.

तर तीन गोष्टी बघा. एक, सिलिंडरवर अँटी-स्नॅप आणि अँटी-ड्रिल (ड्रिलने सहज न भेदला जाणारा) आहे का, अँटी-स्नॅपमध्ये पुढचा तुकडा मुद्दाम मोडेल असा केलेला असतो आणि तो मोडला तरी मागचं लॉक जागेवर राहतं. दोन, चावीची नक्कल कुठेही होते की कार्ड दाखवल्यावरच होते. तीन, आणि हे फुकटात होतं, सिलिंडर हँडलच्या प्लेटच्या बाहेर ३ मिमीपेक्षा जास्त यायला नको.

हे तिसरं कसं बिघडतं ते बघा. दरवाजा ३५ मिमी जाड, दोन्ही बाजूच्या प्लेटी १० मिमीच्या, मिळून ५५. मधल्या स्क्रूपासून बाहेरच्या प्लेटच्या तोंडापर्यंत साडेसत्तावीस. ३०/३० चा, म्हणजे मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे ३०-३० मिमीचा सिलिंडर घेतला तर अडीच मिमी बाहेर येतो, चालेल. दुकानात ३०/३० नव्हता म्हणून ३५/३५ दिला तर साडेसात मिमी बाहेर, पकडीला मस्त जागा. आणि बसवणारा म्हणणार, काही नाही हो काका, चालतं. नाही चालत.

आमचा दरवाजा फ्लश डोअर (प्लायचा सपाट दरवाजा) आहे, बसेल का?

आधी जाडी मोजा. बिल्डर जे देतात ते बहुतेक ३० किंवा ३५ मिमीचं असतं. मल्टिपॉइंटची डबी आणि सळ्या यांच्यासाठी कडेला साधारण १६ मिमी रुंद खाच पाडायला लागते, म्हणजे ३० मिमीच्या दरवाज्यात दोन्ही बाजूला ७-७ मिमी लाकूड उरतं, आणि तेही जवळजवळ पूर्ण उंचीभर. लॉक मजबूत झालं आणि दरवाजा नेमका लॉकच्याच ओळीत पोकळ झाला, याला काय अर्थ. लाकडी दरवाजा ४० मिमीच्या वर असेल तरच मी हो म्हणतो.

दुसरं, दरवाजा आतून भरीव आहे का. बोटाच्या पेराने ठोकून बघा, कडेला भरीव आणि मधे पोकळ आवाज येत असेल तर कडेच्या पट्टीची रुंदी किती ते कळल्याशिवाय पटाशी लावू देऊ नका. आणि दरवाज्याला किंवा चौकटीला वाळवी लागली असेल, बडोद्यात तळमजल्यावर हे फार, तर लॉकचा विषय नंतर, आधी चौकट बदला.

खरं सांगायचं तर मल्टिपॉइंट नंतर बसवण्यापेक्षा दरवाज्याबरोबर घेणं सोपं. स्टीलचे लाकडाच्या डिझाइनचे दरवाजे, यूपीव्हीसीचे आणि चांगल्या अॅल्युमिनियमचे दरवाजे हे लॉक धरूनच बनवलेले असतात. साधा लाकडी दरवाजा असेल आणि तो बदलायचा नसेल तर एक चांगलं मॉर्टाइज लॉक (दरवाज्याच्या कडेत खाच पाडून बसवतात ते) मधे, एक डेडबोल्ट (चावीनेच सरकणारा सरळ बोल्ट) वर दीड फुटावर, आणि आतून खाली टॉवर बोल्ट, एवढ्यात काम होतं. याला कोणी मल्टिपॉइंट म्हणणार नाही आणि दोन चाव्या बाळगायला लागतील, पण वर-मधे-खाली धरलं जातं.

आमचं पोळमधलं, म्हणजे जुन्या गल्लीतलं घर आहे, दोन पल्ल्यांचा सागवानी दरवाजा आहे, त्याला?

तो दरवाजा कापायला देऊ नका, ही हात जोडून विनंती. असला सागवान आता मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. दोन पल्ल्यांच्या दरवाज्याला मल्टिपॉइंट होतं, त्यात एक पल्ला वर-खाली सळ्यांनी स्थिर करतात आणि दुसरा त्याला येऊन अडकतो, पण त्यासाठी दोन्ही पल्ले सरळ आणि समान लागतात. शंभर वर्षं जुन्या दरवाज्याचे पल्ले कुठे सरळ असतात, एक झुकलेला, एक मधे फुगलेला, मांडवीच्या बाजूला तर उंबरठाच एका बाजूने झिजून खोलगट झालेला.

त्यापेक्षा कडी-कोयंडा नीट करा. कोयंड्याचे खिळे सुटत आले असतील तर आरपार बोल्ट घालून आतून नट मारा, वर एक चांगलं कुलूप ज्याचा कडा म्हणजे शॅकल जास्त उघडा राहत नाही, आणि आतून अडसराची खोबण अजून शाबूत असेल तर अडसर परत बनवून घ्या. कुठलाही सुतार करून देईल.

पावसाळ्यात हँडल वरच उचलत नाही, लॉक खराब झालं का?

जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बहुतेक वेळा लॉक खराब झालेलं नसतं, पण तुम्ही जोर लावत राहिलात तर नक्की होईल.

आधी एक टेस्ट करा. दरवाजा पूर्ण उघडा ठेवा आणि उघड्या दरवाज्यावर हँडल उचला. मऊ उचललं, सगळे हुक सुटसुटीत बाहेर आले, म्हणजे लॉक ठीक आहे, दरवाजा आणि चौकट जुळत नाहीयेत. उघड्यावरही जड जात असेल तर मग गिअरबॉक्सचा किंवा सळ्यांचा प्रॉब्लेम.

जुळत नसेल तर कारणं दोनच. लाकूड दमट हवेत फुगलं, किंवा दरवाजा स्वतःच्या वजनाने बिजागरीवरून खाली बसला. दरवाजा बसला असेल तर हुक आपल्या खाचेच्या खालच्या कडेला घासतात, पट्टीवर चकाकी आलेली रेघ दिसेल, मोबाइलचा टॉर्च मारून बघा. यूपीव्हीसीच्या बिजागऱ्यांना अॅलन चावीने (सहा कोनी दांड्याची चावी) वर-खाली आणि डावं-उजवं करता येतं, अर्धा-एक फेरा फिरवा, परत बघा, एकदम पाच फेरे नको. लाकडी दरवाज्याच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले असतील तर तेवढे लांब स्क्रू घालून आवळले तरी दरवाजा वर येतो.

फुगला असेल तर? सुताराला बोलावून लगेच रंधा मारू नका. पावसात रंधा मारलेला दरवाजा दिवाळीनंतर सुकतो आणि मग एवढी फट पडते की चिमण्या आत येतील. घासतंय तेवढ्याच जागी थोडं, आणि ऑक्टोबरमध्ये सुकल्यावर वरची, खालची आणि कडेची लाकडाची कापलेली बाजू पॉलिश किंवा पेंटने बंद करून टाका. बहुतेक लोक दरवाज्याची समोरची बाजू चकाचक करतात आणि वरची कड कोरीच सोडतात, पाणी आणि दमट हवा तिथूनच पितो दरवाजा.

आणि हँडल जड असताना खांद्याने दरवाजा दाबून उचलायची सवय लागली असेल तर ती सोडा, गिअरबॉक्स तुटण्याचं मुख्य कारण तेच. तुटला की हुक आत अडकतात आणि दरवाजा बंद अवस्थेत उघडेनासा होतो, मग चावी हातात असून माणूस बाहेर.

तेल कुठलं घालायचं?

खोबरेल तेल नको. थंडीत थिजतं आणि धूळ धरतं, आणि आपल्याकडे धूळ काय कमी आहे का. सिलिंडरमध्ये ग्रॅफाइट पावडर किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) सुका स्प्रे, तोही थोडासा. ग्रॅफाइट नसेल तर पेन्सिलची लेड चावीवर घासून चार-पाच वेळा आत-बाहेर करा, काम होतं. सळ्या, हुक आणि लॅच (दार ओढलं की आपोआप लागतो तो तिरका बोल्ट) यांना शिलाई मशीनचं तेल किंवा पातळ ग्रीस चालतं. वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत.

पुराचं पाणी घरात आलं होतं, लॉकचं काय करायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना माहीत आहे की पाणी उतरल्यावर खरा त्रास गाळाचा असतो. मल्टिपॉइंटचे खालचे हुक आणि उंबरठ्यातली भोकं पहिली पाण्यात जातात. गाळ सुकायच्या आत दरवाजा उघडा ठेवून चांगल्या पाण्याने धुवा, उंबरठ्याचं भोक काडीने साफ करा नाहीतर सळी पूर्ण खाली जाणारच नाही आणि तुम्हाला वाटेल लॉक लागलं. मग सुकवून तेल. गिअरबॉक्सपर्यंत पाणी चढलं असेल तर तो उघडून साफ करण्यापेक्षा बदलणं बरं, कारण आतल्या स्प्रिंगा दोन-तीन महिन्यांनी गंजून तुटतात, तेव्हा कोणाला पूर आठवतही नसतो. पूर्ण सेट बदलायची गरज नाही, बऱ्याच बनावटीत गिअरबॉक्स वेगळा मिळतो, जुना सोबत घेऊन जा.

विश्वामित्रीच्या मगरी पण येतात पुरात, पण त्यांच्यासाठी साधी कडी पुरते.

आजी-आजोबांना हे हँडल उचलणं जमेल का?

नीट बसवलेलं असेल तर एका हाताने, फार जोर न लावता उचललं गेलं पाहिजे, नाहीतर बसवण्यातच चूक आहे. तरीही संधिवात असेल तर ऑटोमॅटिक प्रकार बघा, दरवाजा ओढला की हुक आपोआप बाहेर येतात, उचलायचं काही नाही. मात्र अशा लॉकमध्ये चावी आत विसरून दार ओढलं की संपलं, म्हणून शेजारी कोणा विश्वासूकडे एक चावी ठेवायची.

आतून चावी लावून झोपावं का?

याच्यावर घराघरात वाद असतात. दोन्ही बाजूंनी चावीचा सिलिंडर असेल आणि रात्री आतून लावून चावी देव्हाऱ्यात ठेवली, तर आग लागली किंवा गॅस लीक झाला त्या वेळी धुरात चावी शोधायला लागते. म्हणून मुख्य दरवाज्याला आतून चावीऐवजी फिरवायची कळ असलेला सिलिंडर घ्या. दरवाज्यात किंवा बाजूला काच असेल आणि काच फोडून हात कळीपर्यंत पोचत असेल तरच वेगळा विचार, आणि तेव्हाही आधी काचेला जाळी.

अजून एक. चावीवाला सिलिंडर असेल आणि आतून चावी तशीच लावून ठेवली तर साध्या सिलिंडरमध्ये बाहेरची चावी चालत नाही. म्हातारं माणूस आत एकटं असेल, आतून चावी लावलेली असेल आणि ते पडलं, तर घरचे लोक हातात चावी घेऊन दाराबाहेर उभे राहतात. आतून चावी असतानाही बाहेरून उघडणारे सिलिंडर मिळतात, विकत घेताना तोंडाने विचारा आणि दुकानातच करून बघा.

स्मार्ट लॉक आणि मल्टिपॉइंट, दोन्हीपैकी काय?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बोटाचा ठसा किंवा पिन ही लॉक उघडायची पद्धत झाली, दरवाजा किती जागी धरला जातो हे वेगळं. आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी स्मार्ट लॉकं आत साधी एका जागेची मॉर्टाइजच असतात, स्क्रीनला भुलू नका, दरवाज्याच्या कडेला काय आहे ते बघा. मल्टिपॉइंटवर चालणारं स्मार्ट लॉक घेत असाल तर मोटरला सगळे हुक ओढायचे असतात, त्यामुळे दरवाजा जरा जरी घासत असेल तर बॅटरी पटापट संपते. बॅटरी संपल्यावर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी किंवा पॉवर बँक लावायची सोय आणि साध्या चावीचं भोक, दोन्ही हवंच.

बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर आहे, मग आतल्या दाराला एवढं कशाला?

जाळीचा दरवाजा बाहेर उघडतो, म्हणजे त्याच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूला असतात. बिजागरीची पिन वरून निघत असेल तर लॉकला हात न लावता दरवाजा उचलून बाजूला ठेवता येतो. आपला बघा, पिन निघत असेल तर वेल्डिंगचा एक टिपका मारून घ्या, किंवा बिजागरीच्या बाजूला आतून दोन स्थिर खुंट्या बसवा ज्या दरवाजा बंद होताना चौकटीत शिरतात. चांगल्या स्टीलच्या दरवाज्यांना असे खुंटे आधीच असतात. आतल्या दाराला लॉक हवंच, जाळीचा दरवाजा हा बेल वाजवणाऱ्याशी बोलायला जास्त उपयोगी.

उत्तरायणला सगळे वर असतात तेव्हा दार नुसतं ओढलं तर चालेल ना?

१४ आणि १५ जानेवारीला पूर्ण बिल्डिंग गच्चीवर, खाली कोणी नाही, स्पीकरच्या आवाजात दार फोडलं तरी ऐकू जाणार नाही. नवरात्रीत गरब्याला जातानाही तेच. दार नुसतं ओढून घेतलं की फक्त तिरका लॅच लागतो, मल्टिपॉइंट असलं तरी (ऑटोमॅटिक सोडून). हुक बाहेर येतच नाहीत जोवर तुम्ही हँडल उचलत नाही, आणि उचलून चावी फिरवली नाही तर हँडल खाली दाबलं की ते परत आतही जातात. लॅच तर प्लास्टिकच्या पातळ पट्टीनेही सरकवता येतो. एवढं महाग लॉक बसवून लोक वर्षभर ते लॅचसारखं वापरतात, याची चीड येते. उचला, फिरवा, मग पतंग.

चावी कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या रॅकमध्ये नको. घरात शिरणाऱ्याला या जागा आपल्याआधी माहीत असतात.

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला, बिल्डरने दिलेल्या चाव्या चालतील?

काम चालू असताना त्या चावीने किती लोक आत गेले ते मोजा, सुतार, प्लंबर, टाइल्सवाला, पेंटर. काही सिलिंडर अशा कामासाठीच वेगळी चावी घेऊन येतात, मालकाच्या सीलबंद पाकिटातली चावी एकदा फिरवली की ती कामाची चावी बंद पडते. तुमचं पाकीट आधीच फोडलेलं असेल किंवा पाकीटच नसेल तर सिलिंडर बदला. पूर्ण लॉक नाही, फक्त सिलिंडर.

घरीच होतं. दरवाजा उघडा, कडेच्या पट्टीवर सिलिंडरच्या बरोबर समोर एक लांब स्क्रू दिसेल तो पूर्ण काढा. चावी घाला, थोडीशी फिरवा, सरळपेक्षा जरा तिरकी, म्हणजे सिलिंडरच्या पोटातला जीभेसारखा भाग खाचेशी जुळतो. आता चावीला धरूनच हळू ओढा, अडलं तर चावी थोडी इकडे-तिकडे करून परत. बाहेर आला की स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा, दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही, ३०/४० पण असतो. त्याच मापाचा आणा आणि उलट क्रमाने बसवा. दरवाजा बंद करायच्या आधी उघड्यावर चार वेळा चावी फिरवून बघायची, हे विसरू नका.

भाड्याच्या घरातही हेच करा, मालकाला सांगून. जुना सिलिंडर कागदात गुंडाळून जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या, डिपॉझिटवरून कटकट नको.

पॅकिंगवर आयएस, ईएन असं काय काय लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

थोडक्यात. आयएस २२०९ हे आपल्याकडचं मॉर्टाइज लॉकचं मानक. ईएन १३०३ हे युरोपचं सिलिंडरसाठीचं. दरवाज्यावर आरसी २, आरसी ३ असं लिहिलेलं असेल तर ते ईएन १६२७ प्रमाणे पूर्ण दरवाज्याची तपासणी आहे, चौकट-लॉक-काच सगळं मिळून, आरसी २ ला साध्या हत्यारांसमोर ३ मिनिटं टिकायला लागतं, आरसी ३ ला पहारीसकट ५ मिनिटं. मिनिटं कमी वाटतील पण तेवढा वेळ आवाज करत जिन्यात उभं राहायची चोराची तयारी नसते. नुसतं 'हाय सिक्युरिटी' छापलेलं असेल तर त्याला काही किंमत नाही.

चोरी झालीच तर इन्शुरन्स मिळतो का?

पॉलिसीत घरफोडीचं कव्हर वेगळं घेतलंय का ते आधी बघा. एप्रिल २०२१ पासून असलेली भारत गृह रक्षा ही मुळात आग, पूर, भूकंप वगैरेंची पॉलिसी आहे, त्यात चोरी धरतात ती अशा घटनेमुळे आणि त्यानंतरच्या ७ दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं आणि त्यात बहुतेक वेळा जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा मागतात. म्हणून फोडलेलं लॉक, मोडलेला सिलिंडर, चौकटीची फाटलेली फळी, काही उचलू नका, झाडू मारू नका, पोलिसांचा पंचनामा होऊ द्या आणि फोटो काढा. १ जुलै २०२४ पासून एफआयआरमध्ये जुनी ३८० वगैरे कलमं दिसणार नाहीत, भारतीय न्याय संहितेत घरातल्या चोरीला ३०५ आणि घरफोडीला ३३१ आहे. लॉकचं आणि सिलिंडरचं बिल असेल तर क्लेमच्या वेळी उपयोगी पडतं.

कोटेशन घेताना काय काय लिहून घ्यायचं?

'मल्टिपॉइंट लॉक १ नग' असं बिल घेऊ नका. लॉकचा सेट, सिलिंडर, हँडल, स्ट्रायकर पट्ट्या आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, कारण भाव करताना पहिला कमी होतो तो सिलिंडरचा दर्जा आणि ते तुम्हाला कळतही नाही. बॅकसेट, म्हणजे दरवाज्याच्या कडेपासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि हँडलपासून सिलिंडरपर्यंतचं अंतर, ही दोन मापं बिलावर असू द्या. पाच वर्षांनी गिअरबॉक्स बदलायचा झाला तर कंपनी बंद पडली असली तरी या मापांवर दुसरा सापडतो. सोबत आलेले बारीक स्क्रू स्ट्रायकर पट्टीला मारू देऊ नका, लाकडी चौकटीत ५० मिमीचे मारायला सांगा. मिस्त्री कुरकुर करेल, करू दे, स्क्रूचं पाकीट तुम्हीच घेऊन उभे राहा.

पुढच्या दाराला सगळं केलं, आता निश्चिंत ना?

मागचं दार, किचनमधून परसात उघडणारं, त्याला काय आहे? एक टॉवर बोल्ट आणि तोही वरचा, कारण खालचा गंजून जाम झालाय म्हणून कोणी लावत नाही, असं असेल तर आधी पन्नास-शंभर रुपयांचा तो खालचा बोल्ट बदला. तळमजल्यावर बाथरूमच्या खिडकीच्या सरकत्या काचेच्या पट्ट्या बाहेरून उचलून निघतात का ते एकदा स्वतः बाहेर उभं राहून बघा, निघत असतील तर बाहेरून ग्रिल, आणि ग्रिलचे स्क्रू बाहेरून फिरवता येणार नाहीत असे.